मोंढ्यावर हुकूम कोणाचा : नांदेड-लातूरच्या शेतमाल व्यापारातील केंद्र आणि राज्याचे कायदे

मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजारपेठेला मोंढा म्हणतात, आणि लातूरच्या मोंढ्यात तुरीचे किंवा सोयाबीनचे एखादे पोते सौद्याला लागते तेव्हा त्या एका पोत्यावर दोन सरकारांचे कायदे एकाच वेळी लागू असतात. सौद्याची रीत, अडत्याचा परवाना, हमाली-तोलाई आणि बाजार फी ही राज्याच्या बाजार कायद्यातून येतात. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते, व्यापाऱ्याने किती माल साठवावा याची मर्यादा संसदेच्या अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली ठरते, आणि किलोग्रॅम म्हणजे किती हेही संसदच ठरवते. बहुतेक दिवस हे कायदे एकमेकांना न अडखळता चालतात, पण जेव्हा ते परस्परविरोधी आज्ञा देतात तेव्हा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज निम्माच खरा आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील शेतमालाच्या व्यापाराचा गेल्या शतकभराचा इतिहास पाहिला, तर असे वाद वरचढपणाच्या प्रश्नापर्यंत क्वचितच पोचलेले दिसतात. विषय कोणाच्या सूचीतला, कोणता कायदा आधी झाला, त्याला कोणाची संमती होती, यांवरच त्यांचा निकाल लागलेला आहे, आणि काही वेळा तर न्यायालयाच्या दारापर्यंतही न जाता तो लागलेला आहे.

नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. हैदराबाद संस्थानात निजामाचे फर्मान हाच अंतिम कायदा होता, पण त्या फर्मानाच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होती आणि तिने तह व करारांच्या मार्गाने संस्थानच्या अधिकाराला जागोजागी कात्री लावलेली होती. १८०२ च्या व्यापारविषयक तहाने जकातीचा दर शेकडा पाचावर बांधला गेला. ही जकात वसूल करणारे संस्थानचे खाते करोडगिरी या नावाने ओळखले जाई आणि इंग्रजी मुलखातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाला तिच्या नाक्यांवरून जावे लागे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि लातूरचा कापूस व धान्य सोलापूर जिल्ह्याकडे सुलभपणे जाऊ लागले, तेव्हा एकाच मालाच्या प्रवासात दोन राज्ये, दोन नाणी आणि दोन कायदे आले. संस्थानात हाली सिक्का चाले, सरहद्दीपलीकडे इंग्रजी रुपया. लातूरची गंजगोलाई, जिच्याभोवती सोळा रस्ते एकत्र येतात, ती याच वाढत्या व्यापाराच्या काळातील आहे.

रेल्वेच्या जमिनीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. संस्थानातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या हद्दीतील दिवाणी व फौजदारी अधिकार निजामाने इंग्रज सरकारकडे सोपवले होते, त्यामुळे स्थानकाच्या आवारात एक कायदा आणि आवाराबाहेर दुसरा अशी स्थिती निर्माण झाली. संस्थानातील एका रेल्वे स्थानकावर सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटावरून मुहम्मद युसुफुद्दीन यांना अटक झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १८९७ मध्ये ती बेकायदा ठरवली. सोपवलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी तो वापरता येणार नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य होते. पुढे संघराज्याच्या न्यायशास्त्रात जी कसोटी पुन्हा पुन्हा वापरली गेली, तिचे बीज येथे दिसते. वरिष्ठ सत्तेलाही तिला दिलेल्या विषयाबाहेर अधिकार नसतो, हीच ती कसोटी.

मोंढ्यासाठी खास असा कायदा झाला तो १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास. फसली हे निजामी राजवटीतील महसुली वर्ष, इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे असणारे. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली होती. वऱ्हाडात तर, म्हणजे कागदोपत्री निजामाच्याच पण इंग्रजांच्या कारभारातील प्रदेशात, कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा १८९७ पासूनच होता. हैदराबादच्या शेतमाल बाजार कायद्याने त्याच धर्तीवर बाजार समिती, परवानाधारक अडते व मापाडी आणि ठरलेली वटवण यांची चौकट घातली. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत, मालातून काढलेला कडता, धर्मादायाच्या नावाने कापलेली रक्कम या जुन्या गाऱ्हाण्यांवर तो उपाय होता. उपाय पुरा लागू पडला असे म्हणता येणार नाही, पण कायदा टिकला, आणि तो ज्या राज्याने केला त्या राज्याहून अधिक काळ टिकला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय फौजेच्या ताब्यात आले, नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताचे संविधान हैदराबादला लागू असल्याचे फर्मान काढले आणि २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद हे ‘भाग ब’ मधील राज्य झाले. ज्या संस्थानांचे किंवा संस्थानसंघांचे प्रमुख राजप्रमुख म्हणून राहिले त्यांना ही संज्ञा होती. जुन्या कायद्यांचे काय करायचे, याचे उत्तर संविधानाच्या ३७२ व्या अनुच्छेदात होते. संविधानाच्या इतर तरतुदींना बाध न येता, बदल किंवा निरसन होईपर्यंत, जुने कायदे चालू राहणार होते. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला भाग मात्र त्या दिवसापासून निष्प्रभ ठरणार होता. या दोन तत्त्वांतील ताण ज्या खटल्यांतून तपासला गेला त्यांपैकी एक लातुरात वकिली केलेल्या, रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याचा आहे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग. लष्करी गव्हर्नरच्या विनियमाखाली नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढील आपला खटला समतेच्या हक्काविरुद्ध आहे, असा त्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये बहुमताने तो फेटाळला. संविधानापूर्वी सुरू झालेला खटला केवळ २६ जानेवारीच्या आगमनाने अवैध ठरत नाही, असे त्या बहुमताचे म्हणणे होते.

व्यापारापुरते पाहिले तर १९५० नंतर दोन हालचाली एकाच वेळी चालू होत्या. एकीकडे ‘भाग ब राज्ये (कायदे) अधिनियम, १९५१’ याने १ एप्रिल १९५१ पासून अनेक केंद्रीय कायदे हैदराबादला लावले आणि त्यांच्याशी समांतर असलेले संस्थानी कायदे रद्द केले. दुसरीकडे मूळ संविधानाच्या ३०६ व्या अनुच्छेदाने ‘भाग ब’ मधील राज्यांना भारत सरकारशी करार असल्यास आयात-निर्यातीवरील जुनी जकात कमाल दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. देश एक झाला तरी बाजारपेठ एका रात्रीत एक झाली नाही, आणि हा उशीर संविधानकारांनी जाणूनबुजून लिहून ठेवलेला होता.

आता मूळ नियमाकडे वळणे आवश्यक आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत. पहिली संघसूची संसदेची, दुसरी राज्यसूची विधानमंडळांची आणि तिसरी समवर्ती सूची दोघांची. समवर्ती सूचीतील एखाद्या विषयावर दोघांनी कायदे केले आणि ते एकत्र पाळणे अशक्य झाले, तर अनुच्छेद २५४ नुसार संसदेचा कायदा टिकतो आणि राज्याचा कायदा विसंगतीपुरता शून्य होतो. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात अपवाद आहे. राज्याने आपला कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला आणि त्याला संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो. अपवादालाही परंतुक आहे, कारण संसद नंतर केव्हाही त्याच विषयावर नवा कायदा करून राज्याचा तो कायदा बदलू किंवा रद्द करू शकते. अन्नधान्याची जागा या तीन सूचींत सुरुवातीला पक्की नव्हती. शेती, बाजार व जत्रा, राज्यांतर्गत व्यापार आणि मालाचे उत्पादन-पुरवठा हे राज्यसूचीत होते, पण टंचाईचा काळ असल्याने अनुच्छेद ३६९ ने अन्नपदार्थ, खाद्य तेलबिया, सरकी, कच्चा कापूस अशा वस्तूंवर संसदेला पाच वर्षांपुरता समवर्ती सूचीसारखा अधिकार दिला. ती मुदत जानेवारी १९५५ मध्ये संपणार म्हणून १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील ३३ वी नोंद वाढवून हा तात्पुरता अधिकार कायमचा केला, आणि त्यावर १९५५ चा अत्यावश्यक वस्तू अधिनियम उभा राहिला. मराठवाड्याच्या शेतात पिकणारे जवळजवळ सर्व काही, ज्वारी, तूर, करडई, कापूस, या एका नोंदीखाली आले.

या नियमाचा सर्वांत बोलका निकाल ज्वारीच्याच एका खेपेवरून लागला आहे. झवेरभाई अमाईदास या व्यापाऱ्याने ६ एप्रिल १९५१ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्यात खांजरोली गावाहून मांडवीला १५ मण ज्वारी परवान्याशिवाय नेली आणि बारडोलीच्या दंडाधिकाऱ्याने त्याला दोषी ठरवले. १९४६ च्या केंद्रीय अत्यावश्यक पुरवठा कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. मुंबई विधानमंडळाने १९४७ मध्ये गव्हर्नर जनरलच्या संमतीने ती सात वर्षांपर्यंत वाढवली. पुढे संसदेने १९५० मध्ये शिक्षेचे कलम नव्याने लिहिले आणि वस्तू व प्रमाणानुसार वेगवेगळ्या शिक्षा ठरवल्या. आरोपीचा युक्तिवाद मोठा गमतीचा होता. मुंबईचा अधिक कडक कायदाच अजून लागू आहे, म्हणून शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, म्हणून एवढ्या गंभीर गुन्ह्याचा खटला चालवण्याचा अधिकार त्या दंडाधिकाऱ्याला नव्हता, असे त्याच्या वतीने सांगण्यात आले. सुटण्यासाठी अधिक शिक्षेचा कायदा जिवंत ठेवण्याची ही धडपड सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर १९५४ रोजी मान्य केली नाही. वाढीव शिक्षेच्या ज्या विषयावर मुंबईने कायदा केला, त्याच विषयावर संसदेने नंतर कायदा केला असल्याने मुंबईचा कायदा गर्भितपणे रद्द झाला, तो रद्द झाल्याचे संसदेने शब्दांत सांगितले नसले तरीही, असे न्यायालयाने ठरवले आणि शिक्षा कायम झाली. वरिष्ठाची संमती राज्याच्या कायद्याला संरक्षण देते, पण ते संरक्षण संसद पुन्हा बोलेपर्यंतचे असते, हे या निकालाने निश्चित केले.

त्यानंतर दोनच वर्षांनी मराठवाडा स्वतः मुंबई राज्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबईला मिळाले, बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके त्यांच्याबरोबर आले, तर नांदेडमधील मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११९ व्या कलमाने जुने कायदे ज्या भूभागावर होते तेथेच ठेवले, त्यामुळे हैदराबादचा १३३९ फसलीचा बाजार कायदा एकाच वेळी तीन राज्यांत चालू राहिला. देगलूरचा, भैंशाचा आणि बिदरचा अडत्या तीन वेगळ्या सरकारांच्या अमलाखाली होता, पण तिघांचा बाजार कायदा एका नामशेष झालेल्या राज्याचा होता. आंध्र व म्हैसूर या राज्यांनी आपापले नवे बाजार कायदे १९६६ मध्ये केले. महाराष्ट्राचा १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा १९६७ मध्ये अमलात आला आणि मग ही अनोखी एकवाक्यता संपली.

वजनमापांचा विषय मात्र संविधानाने सुरुवातीसच सुबकपणे चिरून दिला होता. वजनाचे प्रमाण ठरवणे संसदेकडे, आणि काटा तपासणे, शिक्का मारणे, खोट्या मापाबद्दल खटला भरणे राज्याकडे. मण, शेर आणि खंडी जाऊन दशमान पद्धती १९५६ च्या केंद्रीय कायद्याने आली, पण मोंढ्यात ती रुजवण्याचे काम राज्याच्या निरीक्षकांनी केले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याचा हा भागही समवर्ती सूचीत नेला. या बदलाची मराठवाड्यात फारशी चर्चा झाली नाही, आणि सत्तांतराचे बरेच प्रकार असेच चर्चेविना होतात.

साठच्या दशकात महाराष्ट्राने ज्वारीची एकाधिकार खरेदी केली, जिल्हाबंदी आली, शेतकऱ्यावर लेव्ही बसली, आणि लोकांनी या सर्वाचा दोष किंवा श्रेय मुंबईला दिले. कायद्याच्या दृष्टीने मात्र अशा आदेशांमागील अधिकार केंद्राचा होता, कारण अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली केंद्र आपले अधिकार राज्यांना सोपवू शकते. ज्याचा अधिकार उसना आहे त्याचा मूळ मालकाशी संघर्ष होण्याचे कारण उरत नाही. संघर्ष टाळण्याची ही सर्वांत शांत आणि म्हणूनच सर्वांत कमी अभ्यासली गेलेली रीत आहे.

कापसाच्या बाबतीत महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला. १९७१ च्या कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया आणि पणन) कायद्याने १९७२-७३ पासून राज्यातील कापसाची खरेदी पणन महासंघाच्या हाती गेली आणि खासगी व्यापाऱ्याला ती बंद झाली. कच्चा कापूस समवर्ती सूचीत असल्याने आणि राज्यांतर्गत व राज्याबाहेरच्या व्यापाराच्या स्वातंत्र्याची हमी अनुच्छेद ३०१ ने दिलेली असल्याने अशा योजनेला केंद्राची अनुकूलता लागत होती, आणि तिच्या मुदतवाढीसाठी राज्याला वेळोवेळी दिल्लीचा दरवाजा ठोठावावा लागे. नांदेड हा कापसाचा जुना जिल्हा, तेथील उस्मानशाही मिल आणि कापूस संशोधन केंद्र ही त्याची साक्ष. किनवट, धर्माबाद, बिलोली या तालुक्यांची सीमा तेव्हाच्या आंध्राला लागून, आणि पलीकडे खासगी खरेदी खुली. योजनेचा भाव बाहेरच्या भावापेक्षा कमी असे त्या वर्षी कापूस रात्रीच्या गाड्यांनी सीमा ओलांडे, आणि जास्त असे त्या वर्षी तो उलट्या दिशेने येई. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या एकाधिकारावर टीका केली ती शेतकऱ्याच्या विक्रीस्वातंत्र्याच्या बाजूने. घटनात्मक मुद्दा तिच्या मागे उभा होता, पण योजना विरली ती तोट्याच्या ओझ्याने, २००० नंतरच्या काही वर्षांत.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तंबाखूच्या प्रकरणात एक महत्त्वाची रेषा आखली. तंबाखू उद्योगाचे नियंत्रण संसदेने आपल्याकडे घेतले असले तरी कच्च्या तंबाखूच्या बाजारातील विक्रीवर फी आकारण्याचा बाजार समितीचा अधिकार त्यामुळे जात नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले. प्रकरण बिहारच्या मुंगेर बाजार समितीचे होते, पण त्याचा लाभ देशातील प्रत्येक मोंढ्याला झाला. केंद्राचा कायदा उद्योगाचा आहे आणि राज्याचा बाजाराचा, असे एकदा ठरल्यावर दोघांत विसंगती उरतच नाही, आणि अनुच्छेद २५४ उघडण्याची गरज पडत नाही.

हीच रेषा २०२० मध्ये पुसली जाण्याच्या बेतात आली. ५ जून २०२० च्या अध्यादेशाने आणि सप्टेंबरमधील अधिनियमाने बाजार समितीच्या आवाराबाहेरचा सर्व प्रदेश ‘व्यापार क्षेत्र’ ठरवला, तेथे पॅन कार्ड असलेल्या कोणालाही शेतमाल खरेदीची मुभा दिली, राज्याला तेथे बाजार फी घेण्यास मनाई केली आणि राज्यांच्या बाजार कायद्यांवर मात करणारे कलम घातले. केंद्राचा आधार समवर्ती सूचीतील ३३ वी नोंद होती, विरोधकांचा आधार राज्यसूचीतील शेती आणि बाजार या नोंदी. लातूरसारख्या डाळमिलांच्या आणि सोयाबीन प्रक्रियेच्या गावात हा शास्त्रार्थ थेट गल्ल्यावर येत होता, कारण समितीच्या भिंतीबाहेर खरेदी केली तर फी नाही आणि आत केली तर आहे, अशी तफावत निर्माण झाली होती. महाराष्ट्राच्या पणन खात्याने ऑगस्टमध्ये अध्यादेशाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला आणि सप्टेंबरअखेर त्याला स्थगिती मिळाली. केंद्राचा कायदा राज्याच्या मंत्र्याला स्थगित करता येत नाही. स्थगित झाला होता तो राज्याचा स्वतःचा आदेश, पण शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगणारे फारसे कोणी नव्हते. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम आणि त्याच्या जोडीने झालेले इतर दोन केंद्रीय शेती कायदे यांची अंमलबजावणी थांबवली. जुलैमध्ये महाराष्ट्राने केंद्राच्या तिन्ही कायद्यांना राज्यापुरत्या दुरुस्त्या सुचवणारी तीन विधेयके विधानसभेत मांडली, म्हणजे अनुच्छेद २५४ च्या दुसऱ्या खंडाची वाट धरली. राष्ट्रपतींच्या संमतीपर्यंत ती पोचण्याआधीच नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने तिन्ही कायदे रद्द केले. अन्नपदार्थांची नोंद बाजाराच्या नोंदीला गिळू शकते काय, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला, आणि या कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी न्यायमूर्तींच्या आधी निकाल दिला.

उसाच्या प्रकरणात मात्र न्यायालय शेवटपर्यंत गेले. १९६६ च्या केंद्रीय ऊस नियंत्रण आदेशाने ऊस तुटून कारखान्यात पडल्यापासून १४ दिवसांत किमान दर देण्याचे आणि उशीर झाल्यास शेकडा १५ दराने व्याज देण्याचे बंधन साखर कारखान्यांवर घातले आहे. महाराष्ट्र शासनाने २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासननिर्णयाने हा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे बोलीभाषेतील एफआरपी, दोन हप्त्यांत देण्याची सवलत कारखान्यांना दिली. पहिला हप्ता गृहीत धरलेल्या उताऱ्यावर, आणि दुसरा हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा निश्चित झाल्यावर. मराठवाड्यासाठी हा गृहीत उतारा पुणे-नाशिक विभागांपेक्षा कमी धरला होता. माजी खासदार राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा शासननिर्णय रद्द केला. येथे विधानमंडळाचा कायदाही नव्हता आणि राष्ट्रपतींची संमतीही नव्हती, होता तो केवळ प्रशासकीय निर्णय, आणि संसदेच्या कायद्याखालील आदेशाशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती. गंमत अशी की चौदा दिवसांच्या नियमाला अपवाद त्या केंद्रीय आदेशातच आहे. ऊस उत्पादक आणि कारखाना यांच्यात वेगळा लेखी करार असेल तर तो चालतो, म्हणजे जी सवलत राज्य सरकारला देता आली नाही ती देण्याची मोकळीक मांजरा खोऱ्यातल्या ऊस उत्पादकाला आहे, फक्त कराराच्या कागदावर त्याची सही कोणत्या दबावाखाली होते हे तपासण्याची सोय त्या आदेशात नाही.